व्यवसायासाठी सौर वीज: देखभाल, बॅटरी आणि कर्ज – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखाने, शीतगृहे, रुग्णालये, शाळा आणि दुकाने चालवणारे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. जो विषय दुसरीकडे आला आहे, तिथे फक्त त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सोलर एकदा बसवलं की पंचवीस वर्षं बघायलाच नको, असं विक्रेता सांगतो. खरं आहे का?

पॅनलमध्ये हलणारा भाग नसतो, तेवढ्यापुरते खरे. पण प्लांट म्हणजे नुसते पॅनल नव्हेत. शेकडो कनेक्टर, नटबोल्ट, डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) केबल, सर्ज संरक्षक (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारे) आणि डीसीची एसी वीज करणारा, पंखे लावलेला इन्व्हर्टर, हे सगळे ऊन-पाऊस-वारा झेलत उभे असते. पॅनलच्या वीजनिर्मितीची हमी २५ ते ३० वर्षांची मिळते. इन्व्हर्टर मात्र साधारण १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो. पॅनलही हळूहळू थकतात: पहिल्या वर्षी १ ते २ टक्के, नंतर दरवर्षी ०.४ ते ०.७ टक्के. देखभालीसाठी वर्षाला प्रकल्पखर्चाच्या १ ते २ टक्के रक्कम बाजूला ठेवा, आणि इन्व्हर्टर बदलण्याची तरतूद वेगळी करा. विक्रेत्याच्या कागदावर या दोन ओळी नसतील, तर त्याने दाखवलेला पैसे वसूल होण्याचा काळ खरा नाही.

२. पॅनल किती दिवसांनी धुवायचे?

ठरावीक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सिमेंटच्या किंवा पिठाच्या गिरणीशेजारी आठवड्यात थर साचतो; चांगला पाऊस पडणाऱ्या मोकळ्या जागी महिनाभर काही होत नाही. स्वतःच्या छतावर एकदा चाचणी करा. एकाच दिशेला आणि एकाच उतारावर असलेल्या, सारख्या पॅनलच्या दोन स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळा) निवडा. दोन्ही धुऊन त्यांचा डीसी करंट सारखा येतो याची खात्री करा. मग एक दर दोन दिवसांनी धूत राहा, दुसरी तशीच ठेवा. रोज दुपारी, आकाश स्वच्छ असताना, दोन्हींचा करंट लिहून ठेवा. बहुतेक इन्व्हर्टरच्या मॉनिटरिंगवर तो दिसतो. ज्या दिवशी साचलेल्या तोट्याची किंमत एका धुलाईच्या खर्चाएवढी होते, तो तुमचा कालावधी. ऋतू बदलला की चाचणी पुन्हा करा.

३. धुताना काय वापरायचं आणि काय टाळायचं?

मऊ पाणी, मऊ ब्रश आणि रबरी वायपर. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलेले पॅनल वाळले की पांढरे डाग धरतात, आणि हे डाग पुढे साध्या पाण्याने निघत नाहीत. तसे पाणी असेल तर आरओ किंवा सॉफ्टनरचे वापरा. वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की काच तडकू शकते. उच्च दाबाचा जेट फ्रेमच्या सीलमधून पाणी आत घालतो. साबणाचा चिकट थर उरतो आणि त्यावर धूळ आणखी लवकर बसते. पॅनलवर पाय देऊ नका, गुडघाही टेकवू नका: काच शाबूत दिसते, पण आतल्या सेलला केसासारख्या चिरा जातात आणि त्या दोन-तीन वर्षांनी निर्मितीत दिसतात. फुटलेली काच किंवा सोललेली केबल दिसली, तर त्या भागावर पाणी मारूच नका.

४. प्लांट नीट चालतोय की नाही हे आम्हाला कसं कळणार? बिल तर कमी आलंय.

बिल कमी येणे हा पुरावा नव्हे. त्या महिन्यात काम कमी झाले असेल. परफॉर्मन्स रेशो, म्हणजे पीआर, काढा: अपेक्षित विजेपैकी प्रत्यक्षात किती मिळाली त्याचे प्रमाण. महिन्याचे युनिट भागिले, प्लांटची किलोवॅट क्षमता गुणिले पॅनलच्या पृष्ठभागावर पडलेली सौरऊर्जा (किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर). उदाहरणार्थ, १०० किलोवॅटचा प्लांट, महिन्याची सौरऊर्जा १५० आणि निर्मिती ११,७०० युनिट. ११,७०० भागिले १५,००० म्हणजे ७८ टक्के.

छतावरच्या चांगल्या प्लांटचा पीआर ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. सौरऊर्जेचा आकडा छतावरच्या सेन्सरवरून किंवा उपग्रहावर आधारित सेवेतून मिळतो. सेन्सरची काचही पुसा, नाहीतर घाणेरडा सेन्सर घाणेरड्या पॅनलला उत्तम गुण देत राहील. पीआर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. तीन-चार टक्क्यांची घसरण दिसली की कारण शोधायला लागा.

५. उन्हाळ्यात ऊन कडक असूनही निर्मिती कमी का?

पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. त्याची छापील क्षमता सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून मोजलेली असते. वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. सेल ६५ अंशांवर गेला आणि गुणांक ०.३५ असला तर १४ टक्के गेले. पत्र्याला चिकटून बसवलेल्या पॅनलमध्ये हा तोटा जास्त, कारण खालून वारा फिरत नाही. हा बिघाड नाही. इन्व्हर्टर मात्र बंद, तापलेल्या खोलीत असेल तर तोही स्वतःला वाचवण्यासाठी क्षमता खाली आणतो, आणि ते तुमच्या हातात आहे: सावली करा, हवा खेळती ठेवा, फिल्टर झाडा.

६. पाण्याच्या टाकीची थोडीशी सावली पडते. त्याने कितीसा फरक पडणार?

सावलीच्या आकारापेक्षा ती कुठे पडते हे महत्त्वाचे. बहुतेक पॅनलमध्ये तीन बायपास डायोड (झाकलेला भाग वगळून करंट पुढे नेणारे) असतात. एक सेल पूर्ण झाकला गेला तरी त्या डायोडखालचा एक तृतीयांश भाग बाद होऊ शकतो. अर्ध्या सेलचे (सेल अर्धे कापून वर-खाली दोन भागांत जोडलेले) पॅनल लांब बाजू उभी ठेवून बसवले असतील आणि सावली फक्त खालच्या कडेला येत असेल, तर वरचा अर्धा भाग चालू राहतो. पक्ष्याची वाळलेली विष्ठा ही कायमची सावलीच असते: तो सेल तापतो आणि तिथे हॉट स्पॉट तयार होतो. अशी जागा धुलाईच्या पाळीची वाट न पाहता साफ करा.

७. वार्षिक देखभाल कराराचा तंत्रज्ञ येतो, फोटो काढतो आणि जातो. त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं?

कामाची यादी करारातच लिहून घ्या आणि मोजमापांचा तक्ता मिळाल्याशिवाय बिल देऊ नका. तक्त्यात प्रत्येक स्ट्रिंगचे ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहत नसतानाचे), चालू करंट आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स (वीज जमिनीत गळू न देण्याची क्षमता) हवा. १००० व्होल्टच्या प्लांटमध्ये इन्सुलेशन १ मेगाओहमपेक्षा कमी आले तर ते नापास. प्लांट सुरू करतानाची मोजमापे आयईसी ६२४४६-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार झालेली असतील, तर दरवर्षीचे आकडे त्यांच्याशी ताडता येतात. म्हणून तो पहिला अहवाल जपून ठेवा.

थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करताना ऊन किमान ६०० वॅट प्रति चौरस मीटर हवे. ढगाळ दिवशी काढलेली थर्मल चित्रे रंगीत दिसतात, पण त्यातून काही कळत नाही. क्लॅम्प आणि स्ट्रक्चरचे बोल्ट टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या मापाने तपासायचे. सर्ज संरक्षकाची खिडकी लाल झाली असेल तर त्याचे कार्ट्रिज बदलायचे. अर्थिंगचे वाचन घ्यायचे. इन्व्हर्टर आणि एसी पॅनलमधले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) सैल किंवा काळे पडलेले नाहीत ना, हेही पाहायचे.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसतो: कनेक्टर. नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची असली तर ते एकमेकांत बसतात, पण आतला धातूचा संपर्क नीट जुळत नाही. जोड तापतो, प्लास्टिक वितळते, आणि छतावरच्या आगीची सुरुवात अशा जोडातून होऊ शकते. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेच्या हव्यात. आणि करंट वाहत असताना कनेक्टर कधीही ओढून काढू नका. डीसीचा आर्क (ठिणगीचा झोत) एसीसारखा आपोआप विझत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी तोडणारा स्विच), मग क्लॅम्प मीटरवर शून्य पाहून हात लावायचा.

८. पावसाळी सकाळी इन्व्हर्टर 'आयसोलेशन फॉल्ट' दाखवतो आणि अकरानंतर आपोआप सुरू होतो. सोडून द्यायचं का?

सोडून देऊ नका. कुठेतरी केबलची साल गेली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे. ओलाव्यात तिथून करंट जमिनीत जातो आणि वाळल्यावर थांबतो. ऊन पडले की लक्षण जाते, दोष राहतो.

शोधायचे असते दोष दिसत असतानाच. काम पात्र तंत्रज्ञाचेच, कारण व्होल्टेज जीवघेणे असते. स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून वेगळी करून धन टोक ते अर्थ आणि ऋण टोक ते अर्थ असे दोन्ही व्होल्टेज मोजा. २० पॅनलची स्ट्रिंग आहे आणि प्रत्येकाचे ४० व्होल्ट, म्हणजे एकूण ८०० व्होल्ट, असे धरा. धन टोकाकडून २०० आणि ऋण टोकाकडून ६०० व्होल्ट स्थिर दिसले, तर २०० भागिले ४० म्हणजे ५. दोष धन टोकाकडून पाचव्या आणि सहाव्या पॅनलच्या मधल्या जोडात आहे. दोन्ही वाचने हळूहळू शून्याकडे उतरत गेली तर ती स्ट्रिंग निर्दोष, पुढची घ्या.

९. भर दुपारी 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' येऊन इन्व्हर्टर बंद पडतो. इन्व्हर्टर खराब आहे का?

बहुधा नाही. ग्रिडकडे, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याकडे, वीज ढकलायला इन्व्हर्टरला स्वतःच्या टोकाशी व्होल्टेज थोडे चढवावे लागते. एसी केबल लांब आणि बारीक असेल तर हा चढ वाढतो. म्हणूनच सुटीच्या दिवशी, कारखान्यात लोड नसताना, तक्रार जास्त येते. इन्व्हर्टरच्या टोकाशी आणि मुख्य पॅनलमध्ये एकाच वेळी व्होल्टेज मोजा. फरक मोठा असेल तर केबल जाड करा किंवा लग तपासा. मुख्य पॅनलमध्येच व्होल्टेज जास्त असेल तर विषय ट्रान्सफॉर्मरच्या टॅपचा (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या जोडाचा) आहे. तो अधिकृत व्यक्तीकडूनच बदलून घ्या. इन्व्हर्टरमधली मर्यादा परवानगीशिवाय वाढवणे हा उपाय नव्हे.

१०. सोलर लागल्यापासून पॉवर फॅक्टरचा दंड यायला लागला. आधी तर ०.९५ होता!

हा प्रश्न कारखान्यांकडून सतत येतो, आणि उत्तर आकड्यांतच आहे. लोड १०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचे एकूण विजेशी प्रमाण) ०.९५, म्हणजे सुमारे ३३ केव्हीएआर रिॲक्टिव्ह वीज (मोटारींच्या चुंबकीय क्षेत्राला लागणारी, काम न करणारी). सोलरने ७० किलोवॅट दिले. सोलर फक्त किलोवॅट देतो, म्हणून ग्रिडकडून आता ३० किलोवॅट येतात, पण केव्हीएआर तेच ३३. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.६७ होतो. मोटारी त्याच, कपॅसिटर तेच, फक्त भागाकार बदलला.

उपाय दोन. पहिला, एपीएफसी पॅनलचा (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनलचा) सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) सोलरच्या जोडाच्या पलीकडे, ग्रिडच्या येणाऱ्या केबलवर हलवा आणि त्यात लहान स्टेपचे कपॅसिटर घाला, कारण कमी किलोवॅटवर मोठी स्टेप पडली की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे उलट्या बाजूला झुकतो. वरच्या उदाहरणात पुन्हा ०.९५ वर यायला सुमारे २३ केव्हीएआर लागतात. दुसरा, इन्व्हर्टरकडूनच केव्हीएआर घ्या. १०० केव्हीएचा इन्व्हर्टर ७० किलोवॅट देत असताना त्याच्याकडे सुमारे ७१ केव्हीएआरची जागा उरते. बहुतेक नव्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते. ती कोणी सुरू केलेली नसते, एवढेच.

११. वीज गेली की सोलरही का बंद होतो? आणि जनरेटरबरोबर चालवता येईल का?

ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर बंद होणे सक्तीचे असते, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर ग्रिडपासून वेगळे होऊन आतले लोड चालवता येते.

जनरेटरशी जोडताना नियंत्रक लागतोच. डिझेल जनरेटरवर त्याच्या क्षमतेच्या किमान ३० टक्के लोड राहायला हवे. त्याखाली इंजिनात न जळलेले इंधन आणि काजळी साचते. सोलर जास्त झाला तर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि तो ट्रिप होतो. नियंत्रक जनरेटरचे लोड पाहून सोलर कमी-जास्त करतो. त्याच्याशिवाय ही जोडणी कोणी 'चालून जाईल' म्हणत असेल तर नकार द्या.

१२. आम्ही बॅटरी घ्यावी का?

आधी कशासाठी ते ठरवा. वीज जाण्याने कच्चा माल वाया जातो किंवा मशीन थांबते, तर त्या एका तासाच्या नुकसानीशी बॅटरीची किंमत ताडा. दिवसाच्या आणि संध्याकाळच्या दरातला फरक कमवायचा असेल तर हिशेब वेगळा. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ५००० चक्रे (भरणे-रिकामे करणे) चालते, त्यातली ९० टक्के क्षमता वापरता येते आणि झीज धरून सरासरी ९० टक्के शिल्लक राहते असे माना. मग १ किलोवॅट-तास बॅटरी आयुष्यभरात सुमारे ४०५० युनिट देते. बॅटरीची प्रति किलोवॅट-तास किंमत भागिले ४०५०, हा प्रत्येक युनिटचा साठवणखर्च. त्यात चार्ज-डिस्चार्जमधला १० ते १५ टक्के तोटा मिळवा. दरातला फरक याहून ठळकपणे जास्त असेल तरच पुढे जा.

यातली मेख अशी: रोज एक चक्र चालवले तर ५००० चक्रे १३-१४ वर्षांत होतात. वर्षातून शंभरच दिवस वापरली तर चक्रे संपायच्या कितीतरी आधी बॅटरी वयानेच म्हातारी होते, आणि युनिटचा खर्च दुप्पट-तिप्पट पडतो.

१३. किती मोठी बॅटरी लागेल?

किलोवॅट आणि किलोवॅट-तास हे दोन आकडे वेगवेगळे काढा. अत्यावश्यक लोड ४० किलोवॅट, ३ तास चालवायचे. म्हणजे १२० किलोवॅट-तास. ९० टक्के वापर, इन्व्हर्टरची ९५ टक्के कार्यक्षमता आणि आयुष्याच्या शेवटी उरणारी ८० टक्के क्षमता यांनी भागा: १२० भागिले ०.६८४, म्हणजे सुमारे १७५ किलोवॅट-तास. नुसती १२० ची घेतली तर पहिल्या दिवसापासूनच तीन तास भरणार नाहीत.

किलोवॅटच्या बाजूला मोटारी घोळ घालतात. थेट सुरू होणारी मोटार क्षणभर सहा-सात पट करंट ओढते. तिला व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू सुरू करणारी उपकरणे) लावणे मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.

१४. लेड-ॲसिड स्वस्त आहे. तीच का नको?

क्वचित वापराच्या बॅकअपला ती आजही चालते. रोजच्या चक्राला नाही. ती ५० टक्क्यांपेक्षा खाली उतरवली की आयुष्य झपाट्याने घटते, म्हणजे दुप्पट क्षमता विकत घ्यावी लागते. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांमागे तिचे आयुष्य अर्धे होते. डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलची सफाई आणि इक्वलायझेशन चार्ज (सगळे सेल एका पातळीवर आणणारा) यांना माणूस लागतो. घेणारच असाल तर पाणी पूर्ण चार्जनंतर भरा. आधी भरले तर चार्ज होताना ॲसिड उतू जाते.

१५. लिथियम बॅटरी ३५ टक्के दाखवत होती आणि अचानक बंद पडली. सेल गेले का?

कदाचित फक्त मोजणी चुकली असेल. लिथियम फेरो फॉस्फेटचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असते, त्यामुळे बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) करंटची बेरीज-वजाबाकी करून टक्के सांगते, आणि ही चूक साचत जाते. उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, साधारण एक-दोन आठवड्यांतून एकदा, १०० टक्के भरून थोडा वेळ धरून ठेवा. मोजणी ताळ्यावर येते आणि सेलही समतोल होतात. त्यानंतरही तसेच झाले तर बीएमएसमध्ये सेलनिहाय व्होल्टेज पाहा. एकच सेल बाकीच्यांआधी खाली कोसळत असेल तर ते मॉड्यूल वॉरंटीत द्या.

१६. बॅटरीची खोली कशी असावी?

लेड-ॲसिडसाठी हवा वाहती हवी, वरच्या बाजूला झरोका हवा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. लिथियमसाठी तापमान १५ ते ३० अंशांत ठेवा. शून्य अंशाखाली चार्ज केली तर सेलमध्ये लिथियमचा मुलामा बसून कायमची इजा होते. खरेदीच्या अटींत आयईसी ६२६१९ हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आणि यूएल ९५४०ए या आग पसरण्याच्या चाचणीचा अहवाल मागा. खोली बाहेर पडायच्या वाटेवर किंवा जिन्याखाली नको. तिथे पुठ्ठे आणि रंगाचे डबे ठेवायची सवय लागते. ती पहिल्या दिवशीच मोडा.

१७. स्वतःचे पैसे, कर्ज की पीपीए?

स्वतःचे पैसे घातले तर सगळी बचत आणि सगळी जोखीम तुमची. कर्जात बचतीतून हप्ता जातो आणि मालकी तुमची राहते. पीपीएमध्ये (वीजखरेदी करारात) दुसरी कंपनी तुमच्या छतावर स्वतःच्या खर्चाने प्लांट लावते आणि तुम्ही फक्त युनिटचे पैसे देता. देखभाल तिची, करार लांब मुदतीचा. भांडवल मुख्य धंद्यात जास्त कमावत असेल तर पीपीए बरा. करसवलतीचा आणि घसाऱ्याचा फायदा घेण्याएवढा नफा असेल तर मालकी बरी. अशा सवलती, तसेच नेट मीटरिंगचे (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याचे) नियम, जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतात; सही करण्याच्या दिवशी लागू असलेले नियमच धरा.

१८. 'पाच वर्षांत पैसे वसूल' म्हणतात. मग कर्ज घ्यायला काय हरकत?

हरकत नाही, पण वसुलीचा काळ आणि हप्ता भरण्याची ऐपत या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्पखर्च १०० भाग धरा. वर्षाची बचत २२, देखभाल १.५, हातात २०.५. वसुली पाच वर्षांच्या आत. आता ७० भाग कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षे: वार्षिक हप्ता १४.४. हाती येणारी रक्कम हप्त्याच्या १.४२ पट, छान. पण बचतीचा हा आकडा आठवड्याचे सातही दिवस वीज वापरली जाईल असे धरून काढलेला असला आणि तुम्ही एक दिवस सुटी पाळत असलात, शिवाय उरलेली वीज ग्रिडला देता येत नसली, तर बचत १८.९ वर येते आणि, देखभाल वजा करून, पट १.२१ वर. बँका साधारण १.२ ते १.३ ची अपेक्षा ठेवतात. नुसती साप्ताहिक सुटी तुम्हाला काठावर आणते. त्यावर घाणेरड्या पॅनलचे आणखी पाच टक्के गेले की हप्ता जड वाटू लागतो.

निर्मितीचा अंदाज मागताना पी५० आणि पी९० दोन्ही मागा. पी५० म्हणजे दहापैकी पाच वर्षी, आणि पी९० म्हणजे दहापैकी नऊ वर्षी ज्याहून जास्त वीज मिळेल असा आकडा. हप्ता पी९० वर बसायला हवा. मुदत इन्व्हर्टर बदलण्याच्या वर्षाआधी संपेल अशी घ्या, आणि प्लांट सुरू होईपर्यंत हप्ता नसेल हे लिहून घ्या.

१९. पीपीएच्या करारात कोणती कलमं वाचायची?

किमान खरेदीचे कलम सर्वांत आधी. तुम्ही कारखाना बंद ठेवला तरी 'झाली असती' त्या विजेचे पैसे द्यावे लागतील का, आणि वर्षाला किती दिवसांची सूट आहे? मग दरवाढ: दर वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत गेला तर १५ वर्षांत तो दीडपटीहून जास्त होतो. मुदतीआधी प्लांट विकत घ्यायची किंमत दरवर्षीची, तक्त्यात छापलेली हवी. 'बाजारभावाने' एवढेच लिहिलेले नको. निर्मिती हमीपेक्षा कमी आली तर भरपाई कोण देणार, छप्पर गळले तर दुरुस्ती कोणाची, आणि पॉवर फॅक्टरचा दंड कोणाच्या माथी (प्रश्न १०), हेही नावानिशी लिहून घ्या.

२०. छप्पर जुनं आहे किंवा जागा भाड्याची आहे. तरी लावावं का?

पत्रा पाच-सात वर्षांत बदलायचा असेल तर आधी बदला. प्लांट उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च मोठा असतो आणि उतरवताना पॅनल दुखावतात. पत्र्यावर स्ट्रक्चरसह साधारण १५ ते २० किलो प्रति चौरस मीटर वजन वाढते. पण खरी परीक्षा वाऱ्याच्या उचलीची असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही केलेला दाखला घ्या. भाड्याच्या जागेत भाडेकरार कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब हवा, आणि प्लांट भाडेकरूचा आहे, इमारतीचा भाग नाही, हे घरमालकाच्या सहीने नोंदवा. नाहीतर इमारत गहाण असेल तर घरमालकाची बँक तुमच्या पॅनलवर हक्क सांगू शकते.

२१. वॉरंटी आहे, मग विमा कशाला?

वॉरंटी उत्पादनातल्या दोषासाठी असते. गारपीट, वादळ, वीज कोसळणे, आग आणि चोरी तिच्यात येत नाहीत. इमारतीच्या विम्यात प्लांट आपोआप सामील होत नाही, म्हणून विमा कंपनीला लेखी कळवा. दाव्यासाठी पॅनलच्या अनुक्रमांकांची यादी, सिंगल लाइन आराखडा (विजेच्या जोडणीचा नकाशा) आणि वार्षिक मोजमापांचे तक्ते (प्रश्न ७) लागतात. त्यांची एक प्रत इमारतीबाहेर ठेवा.

२२. काही पॅनल फुटले आणि तसे आता मिळत नाहीत. नवे जास्त वॅटचे घातले तर चालतील?

त्याच स्ट्रिंगमध्ये घातले तर फायदा नाही: स्ट्रिंगमध्ये सर्वांत कमी करंटचा पॅनल बाकीच्यांना आपल्या पातळीवर आणतो. दोन-तीनच फुटले असतील तर छतावरच्या एखाद्या लहान स्ट्रिंगमधले चांगले जुने पॅनल काढून मोठी स्ट्रिंग भरा, आणि नव्या पॅनलची वेगळी स्ट्रिंग करून ती इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीला (स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या इनपुटला) जोडा. त्याआधी दोन आकडे तपासा. नव्या पॅनलचा करंट त्या एमपीपीटीच्या मर्यादेत आहे का. मोठ्या सेलच्या पॅनलमध्ये हा करंट जुन्यांपेक्षा बराच जास्त असतो. आणि वर्षातल्या सर्वांत थंड पहाटे स्ट्रिंगचे ओपन सर्किट व्होल्टेज किती होईल? तापमान प्रत्येक अंशाने उतरते तसे ते साधारण ०.२५ ते ०.३ टक्क्यांनी चढते. हे व्होल्टेज इन्व्हर्टरच्या कमाल डीसी मर्यादेपलीकडे गेले तर इन्व्हर्टर जळू शकतो, आणि तो वॉरंटीत बदलून मिळत नाही. क्षमता वाढत असेल तर वीज कंपनीची मंजुरीही नव्याने लागू शकते.